नेमकं काय काढू?

"बायकांले गंमत लिहाले नाई जमत, मॅडम," धनीराम म्हणाले. "मी नाई म्हणून राहिलो, गाव म्हणते."

गाव म्हणजे मंडई समिती आणि समिती म्हणजे अध्यक्ष धनीराम.

रत्नमाला मॅडम मोहाडीच्या शाळेत शिकवीत. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेसाठी गेल्या वर्षी त्यांनी खडी गंमत, म्हणजे नाचगाण्यांचा खेळ, लिहून दिली होती. समितीने ती न वाचता नापसंत केली. यंदा धनीरामांनी मोठ्या मनाने अट घातली. गावातल्या तीन प्रतिष्ठितांनी चांगलं म्हटलं तर मंच मिळेल, नाहीतर गोंदियाकडची गंमतीची पार्टी आणू. गोंदिया तुटून वेगळा जिल्हा झाला तरी समितीला पार्टी तिकडचीच गोड.

गंमत म्हणजे गावातल्याच माणसांची नक्कल. नावं बदलायची, चाल तीच ठेवायची. ज्याची नक्कल, त्याने पुढच्या रांगेत बसून हसायचं, असा रिवाज.

"मग पहिलं मत तुमचंच," मॅडम म्हणाल्या. "एक प्रवेश तुमच्यावर आहे, भाऊ. काय खटकते ते सांगा, काढून टाकते."

धनीरामांनी चहाची बशी खाली ठेवली. "तलावाचं हाय काय त्याच्यात?"

"तुम्हीच नेमकं सांगा. नाहीतर मी भलतंच काढीन."

धनीरामांनी नेमकं सांगितलं. लिलावाआधीच तलावातली मासोळी कोणी काढली, कोणाच्या ट्रॅक्टरनं नेली, सगळं. "एवढं काढलं का गंमत मस्त हाय तुमची. माहा होकार समजा."

बाबूलाल तांदळाचे व्यापारी. त्यांना साहित्याची जाण होती. मॅडम कशाला आल्या ते ऐकताच त्यांनी शटर अर्धं ओढलं.

"चिन्नोरचं कोणी सांगतलं तुम्हाले?"

"सगळं काढू, का थोडं ठेवू?"

"सगळंच! पोत्यात वरती महागाचा चिन्नोर अन् खाली जाडा तांदूळ, हे तं बिलकुल नाई पाहिजे. बाकी फर्स्ट क्लास."

बचत गटाच्या शकुनबाईंनी तर डोळ्याला पदर लावला.

"लांब पोळीचं नोको टाकू व माय! तालुक्यात त्या पोळीचंच बक्षीस भेटलं मले. आता सुनेच्या मायनं पवनीहून करून पाठवली, तं का झालं?"

"विहीणबाईंचं नाव ठेवू?"

"कोणाचंच नोको ठेवू! लय सुंदर लिहिते तू."

संध्याकाळी समितीने मॅडमना मंच दिला. ठराव एकमताने झाला.

गॅरेजवाला अमर दरवर्षी गंमतीत नाचायचा. तो मॅडमच्या फाटकाशी वाट पाहत होता.

"जमलं म्हणते, मॅडम! पण तिघायनंबी आपापलं कापाले लावलं. आता उरलं काय?"

"सगळंच."

"मंग द्या ना कागद. उद्यापासून तालीम घेतो."

"दम धर ना रे," मॅडम पेनचं टोपण काढत म्हणाल्या. "आज सकाळपर्यंत मले काही सुचतच नोतं."