मधोमध पन्नास

राजीव बर्फीचा डबा घेऊन टेबलाशी आला, तेव्हा उपासना कॉम्प्युटरच्या पडद्यावरची पट्टी बघत बसली होती आणि तिला शिसारी येत होती.

हॉस्पिटलातल्या सलाइन-पंपाची ती पट्टी. त्यावरचं बटण नर्सने माउसने सरकवायचं, की तासाला किती औषध जायचं ते ठरतं. मोठ्या माणसाला शंभर मिलिलिटरपर्यंत, तान्ह्या बाळाला एका मिलिलिटरचाही जेमतेम एखादा हिस्सा. उपासनाने पट्टी लॉग स्केलवर बांधली होती. डावीकडे बटण बरंच सरकलं तरी औषध कणाकणाने वाढायचं, उजवीकडे भराभर. पण डेमोत गिऱ्हाइकाच्या साहेबाने बटण मधोमध आणलं, आकडा आला तीन, आणि साहेबाच्या कपाळाला आठी पडली. झालं. मॅनेजर राजीवने त्याच दुपारी पट्टी सरळसोट करून टाकली. मधोमध पन्नास. दिसायला कशी छान. फक्त बटण केसभर हललं, की आकडा शून्यावरून थेट एकावर जायचा. बाळांचं जे काही होतं ते त्या दोहोंच्या मध्ये, आणि तिथे आता काहीच उरलं नव्हतं. उद्या पिस्कॅटवे गावातल्या या ऑफिसातून सॉफ्टवेअरच्या सीड्या हॉस्पिटलांना रवाना व्हायच्या होत्या.

“घे, मुलगी झाली,” राजीव म्हणाला. “अडीच महिने लवकर आली यार. बाराशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलीय, पण आता ओके आहे.”

त्याने पोलरॉइड फोटो पुढे केला. काडीसारखा हात, त्याला चिकटपट्टीने बसवलेली नळी. उपासनाला भरून आलं.

“औषध किती देतायत तिला?”

“अगदी किंचित. तासाला पॉइंट फोर.”

“राजीव, तेवढं या पट्टीवर लावून दाखवा ना.”

राजीवने डबा खाली ठेवला, माउस धरला. शून्य. एक. पुन्हा शून्य. पुन्हा एक. मग त्याने माउस सोडून दिला.

“क्लायंटने अप्रूव्ह केलंय, उपासना. आता चेंज नाही करायचं.”

तिने हातातली बर्फी डब्यात परत ठेवली. किळस येते माणसाची ती अशी, तिला वाटलं. तरी तिने विचारलंच.

“आणि तुमची मुलगी?”

“तिचं काय?” राजीव फोटो पाकिटात ठेवत म्हणाला. “तिथे आपला पंप नाहीये. ते मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.”