गोड तोंड

“एक लाख पाच. रुपयाही खाली येणार नाही,” दुकानदार म्हणाला.

“नव्वद हजार! दाजी, तुम्ही मधे बोलू नका,” संपत म्हणाला.

काचेवरच्या काळ्या रिव्हॉल्व्हरला रंगरावांनी अजून हातही लावला नव्हता. बायपासलगतची जागा विकणार नाही म्हटल्यापासून रोज फोन येत होता. तोंडावर कापड धरून कुणीतरी बोलायचं, “जागा सोड. तोंड गोड आहे तोवर उरकून टाक.” हे शब्द त्यांनी बायकोलाही सांगितले नव्हते. धमक्या येतात एवढंच तिला ठाऊक होतं. “माझ्या भावाला सोबत न्या,” ती म्हणाली होती. “त्याला भाव करता येतो.”

“बरं, पंच्याण्णव,” दुकानदार म्हणाला.

संपत काउंटरवर वाकला. आवाज दबका करून त्यानं गमतीनं दटावलं, “मालक, तोंड गोड आहे तोवर उरकून टाका.”

दुकानदार खळखळून हसला. “घ्या, नव्वद! मेहुणा असावा तर असा.”

रंगरावांचे कान तापले. जागेला पहिलं गिऱ्हाईक संपतनंच आणलं होतं, ते त्यांना आत्ता आठवलं.

“झालं, दाजी! आता येऊ दे कोण येतंय ते,” म्हणत संपतनं रिव्हॉल्व्हरकडे हात लांबवला. “मी धरतो.”

त्याच्या आधी रंगरावांनी त्यावर पंजा ठेवला. ते गार होतं.

“घरी गेल्यावर तुझ्या बहिणीला काय सांगू,” त्यांनी हळूच विचारलं, “तेवढं सांग.”