खुंटीवरचा रुमाल

बिश्केकमधल्या माझ्या घरी आल्याआल्या आपानं, म्हणजे माझ्या आईनं, डोक्याचा पांढरा रुमाल सोडला आणि खुंटीला अडकवला. "आता परत जायचं नाही," असं म्हणून ती चहात जाम ढवळत बसली.

एकोणिसाव्या वर्षी तिला बाबांनी भर रस्त्यातून उचलून आपल्या घरी नेलं होतं. त्या घरच्या बायकांनी असाच रुमाल तिच्या डोक्यावर जबरदस्तीनं बांधला. आमच्या किर्गिझ खेड्यांत तेवढ्यानं लग्न लागतं. तिच्या आईनं निरोप धाडला, "आता तिथंच राहा."

"या वयात, आपा?" मी म्हटलं. " लोक हसतील. बाबांना जेवायला कोण घालेल?"

"चूल कुठे आहे ते चाळीस वर्षं बघतायत ते."

मला हसू आलं. तरी मी खुंटीवरचा रुमाल काढला, तिच्या डोक्यावर बांधला आणि तिला गावच्या गाडीत बसवून दिलं. बांधताना तिनं मान जराही हलवली नाही.

चौथ्या दिवशी ती झोपेतच गेली.

रीतीप्रमाणे लोकरी तंबूत आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून शोकगीत गात होतो. "नवऱ्याच्या घरी सुखानं नांदली," आत्यानं सूर लावला. मग मला कोपरानं ढोसलं. "गा ना, लेक आहेस तू तिची."

मला गाता येईना. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी नुसतंच बोलले, "नांदली नाही. ती माझ्याकडे पळून आली होती, मी परत पाठवली. आपा, तो रुमाल सोड. माझ्याकडे राहा."