पिवळा उजेड
बसा, एका वायरमनची गोष्ट सांगतो. त्याच्या तळघरातल्या खोलीला खिडकी नव्हती, दिवसभर पांढरी ट्यूब चालू असायची आणि तिच्याखाली नवराबायको सतत भांडायची. “या उजेडात तुमचं थोबाड जास्तच दिसतं,” बायको म्हणायची. मग त्यानं पिवळा दिवा लावला आणि काय सांगू, भांडणं थांबली. दोघं गप्पा मारत जेवायला लागली. पुढं तिचं जेवण कमी झालं. “बरं नाही का गं?” तो विचारायचा. “थकलेय नुसती.” तो निरखून बघायचा, पिवळ्या उजेडात चेहरा सोन्यासारखा दिसायचा. एका दुपारी ती जिन्यात कोसळली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी ओढली. “कावीळ डोळ्यांत उतरलीय. महिनाभर घरात कुणी बघितलं नाही? फार उशीर झालाय.” “रोज बघत होतो,” तो म्हणाला. बाबांनो, एवढं ऐका, घरच्या माणसाला अधूनमधून उन्हात नेऊन बघत जा.