खात्रीचा बोर्ड

"ह्यो नको. ह्याच्याहून खात्रीचा दाखवा," असं म्हणून उत्तमरावांनी तिसरा मदरबोर्डही बाजूला सारला.

बन्सीने निमूटपणे चौथं खोकं काढलं. बन्सी पूर्वी नगरला टीव्ही दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटर जोडून द्यायचा. उत्तमरावांचा कॉम्प्युटर त्यानेच जोडला होता. स्वस्तातला, घरगुती, गाणी भरायची आणि ऐकायची एवढ्यापुरता. पण पाऊस सरल्यापासून त्याचे दोन बोर्ड जळले होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, इथे तर दोनदा पोळलं होतं. उत्तमरावांची उभी हयात एसटीत कंडक्टरकी करण्यात गेली. गर्दीतसुद्धा खोटी नोट त्यांना नुसत्या बोटांनी कळायची. या हिरव्या पाटीवरून मात्र कितीही हात फिरवला तरी काही कळत नव्हतं. तरी ते फिरवत होते.

एवढी चिकित्सा चालली होती ती बायकोच्या, कलाबाईच्या आवाजासाठी. जयंतीला पारनेर तालुक्यातल्या गावोगावाहून तिला बोलावणं यायचं. तिने भीमगीत उचललं की माइकवाला घाईघाईने मशीनचा आवाज कमी करायचा. ज्वारी भरात आली की राखणीलाही तीच माळ्यावर उभी राहायची. गोफण हातात असायची, पण ती नुसती शोभेला. तिची एक आरोळी थेट डांबरी रस्त्यापर्यंत जायची आणि पाखरांचा सगळा थवा उठायचा. एसटीतले लोक हसून उत्तमरावांकडे बघायचे आणि उत्तमराव तिकिटं फाडता फाडता उगाच खाकरायचे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या घशात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. कलाबाई वाचली, आवाज गेला.

राहिल्या त्या लोकांनी कार्यक्रमात भरून दिलेल्या कॅसेटी. जुना टेप त्याही चावून खायला लागला होता. म्हणून उत्तमरावांनी फंडाच्या पैशातून कॉम्प्युटर घेतला. पहिला बोर्ड दसऱ्यालाच गेला. तो बदलून त्यांनी दिवाळीत एकेक कॅसेट कॉम्प्युटरात उतरवून घेतली. शेवटचं गाणं उतरलं तेव्हा त्यांनी कलाबाईला जवळ बसवून सांगितलं, की आता तुझा आवाज कुठे जात नाही, त्या कॅसेटींचंही आता काही काम नाही. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. त्या हसण्यावर उत्तमराव महिनाभर खूश होते. परवा गाणं चालू असतानाच पडदा काळा झाला. आज तिच्याच जुन्या लुगड्यात कॅबिनेट गुंडाळून, मांडीवर घेऊन ते नगरला आले होते.

चौथ्या खोक्यातला बोर्ड चांगल्या कंपनीचा होता. बन्सी म्हणाला, हा घरात न्या आणि विसरून जा. उत्तमरावांनी तो उलटासुलटा करून पाहिला, वॉरंटीचा कागद दोनदा वाचला आणि अखेर मान हलवली. त्यांच्या जिवाला जरा थारा मिळाला. बन्सी कॅबिनेट उघडून बसला आणि एकाएकी थांबला.

"काका, ह्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या का?"

यायच्या, उत्तमराव म्हणाले. त्यांना वाटलं होतं, मशीनमध्ये दम आहे.

बन्सीने डोक्याला हात लावला. मग अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, ओला असतो का, असं त्याने विचारलं. खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरतं, करंटला जमिनीत जायला वाट राहत नाही, मग तो मिळेल तिथे घुसतो. बोर्ड बिचारे चांगलेच होते. आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो.

खड्डा परसात होता, जुन्या मोरीच्या तोंडाशी. कलाबाई तिथे भांडी घासायची आणि सगळं पाणी त्याच्यावर जायचं. ऑपरेशननंतर तिला वाऱ्यात बसायला नको म्हणून उत्तमरावांनी स्वतः खपून मोरी घरात बांधली होती. गावात त्याचं केवढं कौतुक झालं होतं. हौसेने बांधलेल्या त्या मोरीनेच घात केला, हे कळल्यावर त्यांना तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोवर बन्सीने नवा बोर्ड बसवून बटण दाबलं. पडदा उजळला. बोर्ड खरोखर खात्रीचा होता. पण डिस्क नुसती टकटक करत राहिली. बन्सीने ती काढली, परत लावली, कानाशी धरली. मग हळूच खाली ठेवली.

"डिस्कपण गेली, काका. गाणी काही निघायची नाहीत ह्यातून." उत्तमरावांचा चेहरा पाहून त्याने लगेच सावरून घेतलं. "पण एवढं काय त्यात? कॅसेटी आहेत ना घरी? उद्या घेऊन या, मी बसून सगळ्या पुन्हा भरून देतो."

उत्तमराव लुगड्याची घडी घालत होते. घडी काही नीट बसेना. त्यांनी ती मोडली, पुन्हा घातली.

"कॅसेटी कुठल्या आता," ते म्हणाले. "सगळी रिळं सोडवून तिनं ज्वारीवर ताणली. वाऱ्यानं वाजत्यात, पाखरं बसत न्हाईत. तिला आता वरडता येत न्हाई ना."