तेरा मिनिटं

शनिवारचा बाजार म्हटला की पूर्वी दोघांच्या नाकी नऊ यायचे. मग तिनेच डोकं लढवलं. दुकानातल्या रांगांच्या क्रमाने यादी केली आणि तिचे दोन भाग पाडले. डावीकडच्या रांगा नवऱ्याच्या, उजवीकडच्या तिच्या, आणि भेट थेट बिलापाशी. तासाभराचं काम वीस मिनिटांवर आलं. आज तर तेराच मिनिटं! पिशव्या डिकीत टाकताना दोघं किल्ला सर केल्यासारखे हसले.

लेकीला बसवायला तिने गाडीचं मागचं दार उघडलं, आणि हसू ओठांवरच थिजलं.

"पिल्लू कुठंय?"

"तुझ्याकडे होती ना?"

"मला वाटलं, तुझ्याकडे."

दोघं धावत सुटले.

दुकानाच्या दाराजवळ स्टुलावर साडेचार वर्षांची लेक पाय हलवत बसली होती. एक बूट पायात, एक हातात.

"रडली नाही हो अजिबात," दारावरच्या बाई म्हणाल्या. "मी माइकवर सांगायला निघाले, तर मलाच म्हणते, 'नको मावशी, येतील ते.'"

तिने लेकीला पोटाशी धरलं. "चुकलं गं आमचं, सोन्या. घाबरलीस?"

लेकीने मान हलवली.

"नाही. मी दर शनिवारी इथेच बसते. तुमचं बिल झालं की पळत तुमच्या मागून येते. आज बूट निघाला ना, म्हणून राहिले."