न विझणारी शेगडी

"ही शेगडी विझायचं नावच घेत नाही! नाताळच्या आतच लाकडाच्या गोळ्यांची सगळी पोती फस्त!" म्हातारा अल्डन करवादला.

मेकॅनिक रॉयसने फ्यूज, मोटर, सगळं तपासलं. बिघाड नव्हताच. थर्मोस्टॅटची वायर तेवढी एका बंद दाराखालून आत गेली होती.

"थर्मोस्टॅट आत आहे होय! आतली ही गार खोली तापल्याशिवाय शेगडी थांबायची नाही, आजोबा. दार उघडं ठेवा, नाहीतर तो बाहेर लावून देतो."

"लेकीला थंडी सोसायची नाही, म्हणून तिच्या खोलीत लावला होता."

"आता कुठे असतात त्या?"

अल्डन त्या बंद दाराकडे वळला. दाराच्या मुठीपर्यंत गेलेला त्याचा हात मागे आला.

"राहू दे तिथेच," तो म्हणाला. "जाताना तुझ्या गाडीत गोळ्यांची पोती असतील, तेवढी उतरवून जा."